हलेल तो हजर

प्रबुद्ध वाहुळे हल्ली घाटकोपरला मेट्रोतून उतरला की मागच्या गल्लीने घरी जातो. गल्ली म्हणजे काय, दोन गॅरेजांमधली फट. खाली ऑइल मिसळलेलं काळं पाणी, वर कोणाच्या तरी एसीची टपटप, आणि मध्ये एक कुत्रा, ज्याची प्रबुद्धबद्दल अजून खात्री पटलेली नाही. पुढचा रस्ता चांगला रुंद आहे, नवे पेव्हर ब्लॉक बसवलेत. पण त्या रस्त्यावर विहार आहे, विहाराच्या माडीवर अभ्यासिका आहे, आणि अभ्यासिकेच्या जिन्यात कायम कोणी ना कोणी कटिंग पीत उभं असतं. ते लोक त्याला काही बोलत नाहीत. ‘काय रे, बरा आहेस ना’ एवढंच विचारतात. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर हा पठ्ठ्या रोज पुढच्याच रस्त्याने गेला असता, असं माझं मत आहे.

प्रबुद्ध आणि मी अंधेरीला एकाच ऑफिसात वेबसाइटची पानं बनवतो. मी देऊळगाव राजाचा. आमच्या शाळेत कॉम्प्युटरची खोली होती, आणि कॉम्प्युटर खराब होऊ नयेत म्हणून ती कधी उघडत नसत. त्यामुळे यंत्र दिसलं की मी अजून लांबूनच नमस्कार करतो. प्रबुद्धचं उलटं. त्याचे वडील, अंबादासकाका, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. घरात खेळणी कमी आणि उघडे पडलेले फोन जास्त. वस्तू दिसली की ती आतून कशी आहे हे बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा काकूंनी पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला आणि फ्रिज बोलला, “दार उघडं आहे.” आवाज प्रबुद्धचाच, रेकॉर्ड केलेला. काकू फ्रिजला म्हणाल्या, “माहितीये रे बाबा,” आणि दार लावलं. खिडकीत मनीप्लांट होता, त्याच्या कुंडीत दोन तारा खुपसलेल्या. माती सुकली की काकांच्या मोबाइलवर मेसेज यायचा. तो रोज यायला लागला, काका रोज पाणी घालायला लागले, आणि शेवटी झाड कुजून गेलं. तारा गंजल्या होत्या. “प्रोटोटाइप आहे,” प्रबुद्ध म्हणाला. म्हणजे कच्चा नमुना, करून बघण्यापुरता. आपण चुकून कोणाच्या पायावर पाय दिला की ‘सॉरी’ म्हणतो, त्या जागी प्रबुद्ध ‘प्रोटोटाइप’ म्हणतो.

ऑफिसात त्याची ख्याती वेगळी. एकच पान मोबाइलवर, टॅबवर, मोठ्या मॉनिटरवर, सगळीकडे नीट दिसलं पाहिजे, म्हणजे पडदा अरुंद झाला की पानाने अंग चोरून घ्यायचं आणि रुंद झाला की ऐसपैस पसरायचं, हे आमचं काम. त्यात प्रबुद्ध उस्ताद. दिवसभर तो खिडकीची कड माऊसने पकडून बारीक करतो, मोठी करतो, पुन्हा बारीक करतो, हार्मोनियमचा भाता ओढल्यासारखा. बारीक पडद्यावर एक ओळ जरी खाली घसरली तरी त्याच्या पोटात दुखतं. “मोबाइलवर स्वच्छ दिसलं पाहिजे यार. लोक मोबाइलवरच बघतात.” हे वाक्य त्याने किती वेळा म्हटलं असेल! पुढे तेच वाक्य त्याच्या घशात अडकणार होतं.

आणि एक सवय. तो बसला की त्याचा उजवा पाय हलतो. थांबतच नाही. त्याच्या शेजारी बसलं की माझ्या चहाला लाटा येतात. पाय हलवू नकोस म्हटलं तर म्हणतो, “कुठे हलवतोय?”

आता अभ्यासिकेकडे येऊ. आसपासच्या एकेका खोलीत पाच-सहा माणसं राहतात, टीव्ही चालू, कुकर चालू. त्यामुळे स्पर्धा परीक्षेला बसणाऱ्या पोरापोरींचा सगळा जीव त्या माडीवरच्या खुर्च्यांवर. खुर्च्या थोड्या, उमेदवार फार. समितीच्या अध्यक्ष रत्नप्रभाताई. महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून रिटायर झाल्या, पण आवाज अजून ड्यूटीवर आहे. त्यांनी प्रत्येकाला कायमची खुर्ची नेमून दिली होती, आणि त्यातून एक नवी जमात तयार झाली: बाटलीवाले. सकाळी येऊन टेबलावर पाण्याची बाटली ठेवायची, एक जाडं पुस्तक उघडून ठेवायचं, आणि दिवसभर गायब. बाटली अभ्यास करते आणि मागची पोरं जिन्यात उभी.

“ताई, मी करतो काहीतरी,” प्रबुद्ध म्हणाला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याला कोणी सांगावं लागत नाही.

मॉलच्या बाथरूममध्ये माणूस आत गेला की दिवा आपोआप लागतो ना, तसला हालचाल ओळखणारा सेन्सर त्याने प्रत्येक टेबलाच्या खालच्या बाजूला बसवला. पांढरा, अर्ध्या लिंबाएवढा. तोंड गुडघ्यांकडे, म्हणजे शेजारच्याची हालचाल मोजली जायला नको. सगळ्या तारा एका छोट्या सर्किट बोर्डाला जोडल्या, एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली, आणि एक पान बनवलं. पानावर खुर्च्यांचा नकाशा. खुर्ची भरलेली असेल तर हिरवा ठिपका, बराच वेळ हालचाल नसेल तर राखाडी, आणि त्यावर बोट ठेवलं की ‘रिकामी’. आठवडाभरात जी खुर्ची सगळ्यात जास्त रिकामी राहिली ती खालच्या यादीत आपोआप वर यायची. घरात बसून मोबाइलवर बघा, जागा असेल तरच जिना चढा.

तपासणी त्याने मन लावून केली. रविवारी अभ्यासिका बंद असताना एकेका खुर्चीत जाऊन बसला. प्रत्येक ठिपका हिरवा. झकास.

तो मूर्ख नाही, हे मला इथे सांगितलं पाहिजे. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, फक्त हालचाल ओळखतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मॉलच्या बाथरूममध्ये मध्येच दिवा जातो आणि आपण आत बसल्या जागी हात हलवत राहतो, ती गंमत त्यालाही माहीत होतीच. म्हणून त्याने पानाच्या उजव्या बाजूला सरळ मराठीत सूचना लिहिली: ‘हा सेन्सर फक्त हालचाल ओळखतो. कोणी शांत बसलं असेल तर खुर्ची रिकामी दिसू शकते.’ लॅपटॉपवर ती छान शोभायची. पण मोबाइलचा पडदा अरुंद. तिथे ती सूचना नकाशाच्या वर चढून बसायची आणि खुर्च्या खाली ढकलायची. प्रबुद्धच्या पोटात दुखायला लागलं. त्याने कोडमध्ये एक ओळ लिहिली: पडदा लहान असेल तर सूचना दाखवू नये. पान स्वच्छ झालं.

आणि लोक मोबाइलवरच बघतात.

पहिल्या आठवड्यात बाटलीवाले धडाधड पकडले गेले. ताईंनी नियमच केला: दोन आठवडे ज्याची खुर्ची बहुतेक रिकामी दिसेल, त्याची खुर्ची मागच्याला. जिन्यातली पोरं आत आली. प्रबुद्धला रस्त्यात थांबवून लोक पाठ थोपटू लागले. अभ्यासिकेच्या वर्धापन दिनाला त्याचा सत्कार करायचं ठरलं. अंबादासकाकांनी उल्हासनगरपासून नातेवाइकांना फोन केले. “आमच्या प्रबुद्धने विहारासाठी मशीन बनवलं. हो हो, इंजिनीअरच म्हणा की.” तो इंजिनीअर नाही. पण बापाने फोनवर म्हटलं तर कोण दुरुस्त करणार?

आता सपना. सपना तायडे, मागच्या चाळीतली. सकाळी एका लॅबसाठी घरोघर जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते, दुपारी अभ्यासिकेत येते आणि बंद होईपर्यंत बसते. राज्यसेवेची पूर्व परीक्षा काढलेली, मुख्य परीक्षा तोंडावर. भिंतीकडची खुर्ची तिची. तिची आई, चंपाबाई, घरून डबे करते. चंपाबाईंना कोणीतरी हे पान मोबाइलवर लावून दिलं होतं. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता त्या पिठाच्या बोटाने पान उघडायच्या आणि भिंतीकडची खुर्ची बघायच्या. खुर्ची रिकामी. दुसऱ्या दिवशी बघायच्या. रिकामी. रात्री पोरगी दमून घरी यायची आणि म्हणायची, अभ्यासिकेतून आले.

पहिले काही दिवस चंपाबाई गप्प राहिल्या. मग नाही राहिल्या.

त्यानंतरच्या सोमवारी ताईंनी सपनाची खुर्ची दुसऱ्याला दिली. सपना भांडली. ताई म्हणाल्या, “बाळा, नियम सगळ्यांना सारखा. मशीनला तुझ्याशी काय वैर आहे का?”

गुरुवारी संध्याकाळी प्रबुद्ध एक सुटलेली तार बसवायला अभ्यासिकेत गेला. नंतर आम्हाला चायनीज भेळ खायला जायचं होतं, म्हणून मी बरोबर. जिन्यातच सपना उभी होती.

“ए प्रबुद्ध. माझ्या खुर्चीत बसून दाखव.”

“का गं?”

“बस तर.”

खुर्चीचा नवा मालक चहाला गेला होता, टेबलावर त्याची बाटली होती. प्रबुद्ध बसला. सपनाने मोबाइल त्याच्यासमोर धरला. हिरवा ठिपका.

“बघ. चालतंय ना?” प्रबुद्ध म्हणाला.

“पाय थांबव.”

“अं?”

“पाय हलतोय तुझा. थांबव. मी बसते तसा बस.”

“तू कशी बसतेस?”

“आमच्या घरात बाबा नाइट ड्यूटी करून दिवसा झोपतात. एकच खोली. लहानपणापासून पलंगाच्या कडेला बसून वाचलंय. जरा हललं की पलंग करकरतो आणि ते उठतात. आता सवयच झालीये, मी हलतच नाही.”

प्रबुद्धने दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्थिर बघितलं. कपाळावर घाम आला त्याच्या, एवढे कष्ट. आम्ही तिघं मोबाइलकडे बघत होतो. बराच वेळ गेला आणि ठिपका राखाडी झाला. सपनाने त्यावर बोट ठेवलं. रिकामी.

माणूस समोर घामाघूम बसलाय आणि मोबाइल म्हणतोय खुर्ची रिकामी. मला हसू आलं. मग दोघांच्या चेहऱ्याकडे बघून गेलं.

“मी लिहिलं होतं,” प्रबुद्ध पटकन म्हणाला. “बाजूलाच लिहिलंय. थांब.” त्याने बॅगेतून लॅपटॉप काढला, पान उघडलं. होतं खरंच. उजव्या बाजूला, सुंदर अक्षरात. “हे बघ. शांत बसलं असेल तर रिकामी दिसू शकते. मी सांगितलंय इथे.”

सपनाने वाचलं. मग आपला मोबाइल लॅपटॉपच्या शेजारी धरला. तेच पान. वरपासून खालपर्यंत अंगठ्याने सरकवलं, पुन्हा वर नेलं.

“कुठे सांगितलंस?”

ती मोबाइलवर का नाही ते प्रबुद्धला नेमकं माहीत होतं. सूचना लपवणारी ओळ त्याच्याच हातची होती. त्याचे कान लाल झाले, मग मान, मग शर्टाच्या कॉलरच्या आतपर्यंत लाली गेली. मी त्याला ऑफिसात साहेबाकडून बोलणी खाताना पाहिलंय, तेव्हा तो हसतो. इथे कोणी बोलतही नव्हतं.

“माझ्या आईकडे लॅपटॉप नाही,” सपना म्हणाली.

“मी दुरुस्त करतो. आजच करतो. छोटा बदल आहे.”

“ते कर. पण आधी आईला सांग. ताईंना सांग. मी सांगून झालं. शेजारचे म्हणतात, आम्ही पुस्तकात होतो, लक्ष नव्हतं. माझं कोण ऐकतंय? खुर्ची गेली म्हणून बोलते म्हणतात.”

आणि इथे प्रबुद्धने ते केलं, ज्यामुळे तो आज कुत्र्याच्या गल्लीतून जातो. तो म्हणाला, “रविवारपर्यंत थांबशील का? रविवारी कार्यक्रम आहे. पप्पांनी सगळ्यांना बोलावलंय गं. कार्यक्रम झाला की लगेच सांगतो. दोन-तीन दिवसांचाच तर प्रश्न आहे.”

सपनाने मोबाइल पर्समध्ये टाकला. “रविवारपर्यंत मी घरी काय सांगू?” असं म्हणून ती जिना उतरून गेली. उत्तरासाठी थांबली नाही.

आम्ही भेळ खायला गेलो नाही.

शुक्रवारी ऑफिसातून त्याने स्क्रिप्ट बदलली. शांत बसलेल्यालाही हजर धरावं म्हणून खुर्ची रिकामी ठरवण्याआधी थांबण्याची वेळ वाढवली. तर सगळ्याच खुर्च्या हिरव्या दिसू लागल्या, उठून गेलेल्यांच्यासुद्धा. पुन्हा कमी केली. पुन्हा वाढवली. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. “चुकीचा सेन्सरच घेतला यार. खुर्चीच्या बैठकीखाली वजनाचा लावायला पाहिजे होता.”

“मग सांगून टाक,” मी म्हटलं.

“रविवारी.”

“तिच्या घरी काय चाललं असेल?”

“रविवारी सांगतो म्हटलं ना!” एवढं ओरडला की शेजारच्या टेबलावरची निधी वळून बघायला लागली. मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “पप्पांनी नवीन शर्ट शिवलाय.”

रविवारी विहार फुलांनी सजलं होतं. वंदना झाली, प्रतिमांना हार घातले, भाषणं झाली. मी अंबादासकाकांच्या शेजारी बसलो होतो. काकांचा शर्ट खरंच नवीन होता, घडीच्या रेघा अजून दिसत होत्या. रत्नप्रभाताईंनी प्रबुद्धला शाल पांघरली आणि माइक त्याच्या हातात दिला.

मला वाटतं त्याला तिथे खरंच सांगायचं होतं. त्याने समोर बसलेल्या काकांकडे बघितलं. मग म्हणाला, “जय भीम. मला एक सांगायचंय. हे सध्याचं व्हर्जन प्रोटोटाइप आहे. मोशन डिटेक्शनमध्ये काही लिमिटेशन्स आहेत. काही केसेसमध्ये फॉल्स रिझल्ट येतात. युजर्सना त्याचा त्रास झाला असेल तर ते माझ्या डिझाइनमुळे. पुढच्या इटरेशनमध्ये आपण ते इम्प्रूव्ह करू.”

टाळ्यांचा कडकडाट. मागून कोणीतरी शिट्टीही मारली. काकांनी रुमालाने डोळे टिपले आणि माझ्या मांडीवर थाप मारून म्हणाले, “किती शिकलाय बघ. एक शब्द कळला नाही मला.”

प्रबुद्ध खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. त्याने कबुली दिली होती, आणि सभेने तिचं कौतुक केलं होतं.

कार्यक्रमानंतर अंगणात खीरदान होतं. पातेल्यामागे चंपाबाई उभ्या, हातात डाव. आम्ही रांगेतून पुढे गेलो. प्रबुद्धला बघून त्यांनी त्याच्या वाटीत जास्तीची खीर घातली.

“घे बाबा. तुझे उपकार झाले.”

“कसले, काकू?”

चंपाबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुझ्या मशीनीमुळे कळलं. नाहीतर पोरगी रोज तोंडावर खोटं बोलत होती. अभ्यासिकेत जाते म्हणायची. कुठे जात होती, कोणाबरोबर, अजून तोंड उघडत नाही. परवा फोन काढून घेतला तिचा. माझ्या भावाला सांगितलंय खामगावला, ते स्थळ घेऊन ये म्हणून. बुधवारी पाहुणे येतायत. झाली तेवढी परीक्षा बस झाली.”

प्रबुद्धच्या हातातली वाटी वाकडी झाली. खीर शालीवर सांडली.

“काकू, मशीन चुकीचं आहे.”

“मोठेपणा नाही घेत बघा,” चंपाबाई माझ्याकडे बघून हसल्या. “आत्ता माइकवर पण तसंच बोलला.”

“काकू, ऐका ना. ती तिथेच होती.”

“कोण?”

“सपना. खुर्चीतच होती. रोज.”

चंपाबाईंचा डाव पातेल्यावर थांबला. मागचे लोक पुढे ढकलायला लागले. “मग रिकामी कशी दाखवायचं ते?”

“ती हलत नव्हती म्हणून.”

“म्हणजे?”

आता त्याच्याकडे एकही इंग्रजी शब्द उरला नव्हता. “मी लावलेलं यंत्र फक्त हलणारा माणूस बघतं. सपना वाचायला बसली की हलत नाही. म्हणून त्याला वाटलं खुर्चीत कोणी नाही. मला माहीत होतं असं होऊ शकतं. तशी सूचना पण लिहिली होती मी. मोबाइलवर ती चांगली दिसत नव्हती, म्हणून मोबाइलवरून काढून टाकली.”

“चांगली दिसत नव्हती,” चंपाबाई म्हणाल्या. विचारल्यासारखं नाही. शब्द हातात घेऊन बघितल्यासारखं.

“हो.”

“तिची खुर्ची चुकून गेली, हे तुला कधी कळलं?”

तो खाली बघत होता. “गुरुवारी.”

“भावाला फोन मी शुक्रवारी केला.”

चंपाबाईंनी डाव पातेल्यात सोडला, पदराला हात पुसले आणि बाजूच्या बाईला म्हणाल्या, “जरा वाढ गं.” मग त्या तिथेच, पातेल्याशेजारच्या स्टुलावर बसल्या. “मी तिला काय काय बोलले,” त्या म्हणाल्या. कोणालाच उद्देशून नाही. “आईने बोलू नये असं बोलले रे मी तिला.”

अंबादासकाका कधी मागे येऊन उभे राहिले मला कळलं नाही. त्यांनी किती ऐकलं तेही माहीत नाही, पण पुरेसं ऐकलं असावं. ते म्हणाले, “प्रबुद्ध, शाल दे.”

“पप्पा, मी आजच…”

“दे इकडे.”

त्याने दिली. काकांनी खिशातल्या रुमालाने तिच्यावरची खीर पुसली, घडी घातली, कडेला कड नीट जुळवून, आणि मांडवात पाहुण्यांशी बोलत असलेल्या रत्नप्रभाताईंच्या हातात नेऊन ठेवली. “ताई, ही राहू दे तुमच्याकडे. माझ्या मुलाला तुम्हाला काही सांगायचंय. सगळ्यांसमोर सांगू दे. मराठीत सांगेल.” त्यांनी आवाज चढवला नाही. उल्हासनगरचे नातेवाईक हातात वाट्या घेऊन बघत होते. काकांच्या नव्या शर्टावर घामाचा डाग उमटला होता, आणि ते मान ताठ ठेवून मुलाच्या शेजारी उभे राहिले, शेवटपर्यंत. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं प्रबुद्ध मला नंतर म्हणाला. बाप शेजारी उभा राहिला, तेच सहन झालं नाही.

त्याने सांगितलं. साधं, तुटक तुटक. कोणी टाळी वाजवली नाही. रत्नप्रभाताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “ती मला येऊन सांगत होती,” त्या म्हणाल्या. “मी आयुष्यभर वर्गात पोरांच्या तोंडाकडे बघून हजेरी घेतली. आणि तिच्या तोंडाकडे न बघता मोबाइलकडे बघितलं.” मग एकदम शाळेचा आवाज काढून, “खुर्ची उद्या सकाळी परत. आणि हे सगळं काढून टाक टेबलाखालून.”

पाहुण्यांना चंपाबाईंनी येऊ नका म्हणून कळवलं. भावाने फोनवर बरंच सुनावलं म्हणतात. सपनाचा मोबाइल परत मिळाला. ती आईशी बोलते का, हे मी विचारलं नाही. ज्या घरात हललेलं ऐकू येतं, त्या घरात अबोलाही मोठाच वाटत असणार. प्रबुद्धशी मात्र ती बोलत नाही. रागाने नाही, तिच्याकडे वेळ नाही.

सोमवारी आम्ही दोघांनी अर्धी रजा टाकली आणि दुपारी टेबलांखाली शिरून एकेक सेन्सर काढला. वाचणारी पोरं पाय आक्रसून जागा देत होती. सपनाच्या टेबलाखालचा काढायला प्रबुद्ध वाकला, तिने पुस्तकातून डोकं वर न काढता खुर्ची वीतभर मागे घेतली. त्याला स्क्रू सापडेना. मीच काढला शेवटी.

पिशवी भरून आम्ही जिन्याकडे निघालो तेव्हा खालून चंपाबाई वर येत होत्या. हातात डबा नव्हता, काही निमित्त नव्हतं. प्रबुद्ध दारातच थबकला. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, बहुतेक माफीचंच. त्याने “काकू…” एवढं म्हटलं.

चंपाबाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. टाचा उंचावून त्या त्याच्या खांद्यावरून आत, भिंतीकडच्या खुर्चीकडे बघत होत्या.

“सरक जरा,” त्या म्हणाल्या. “दिसू दे.”